काइटसर्फिंगची शाळा कशी निवडावी: 'आज नाही' कोण म्हणतं ते बघा

तुमचा प्रश्न असा: पोहता येतं, पण वाऱ्यावरच्या कुठल्याही खेळाचा अनुभव नाही. सुट्टीत काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून घसरत जायचं, शिकायचं ठरवलंय. जिथे जाणार त्या किनाऱ्यावर चार शाळा आहेत. चारही स्वतःला 'प्रमाणित' म्हणवतात, चारही शाळांचे अभिप्राय उत्तम आहेत आणि एक तर तीन दिवसांत बोर्डवर उभं करायची हमी देते. शिवाय एक मित्र त्याच्या जुन्या काइटवर फुकट शिकवायला तयार आहे. मग निवड कशी करायची?

मी हा खेळ बरीच वर्षं शिकवते आहे आणि माझं सगळं उत्तर एका गोष्टीभोवती फिरतं. शाळा 'नाही' कधी म्हणते ते बघा. आज वारा बरोबर नाही, पाण्यात उतरायचं नाही. तुमची अजून तयारी झालेली नाही, बोर्ड मिळणार नाही. ही काइट तुमच्या वजनाला मोठी आहे, देणार नाही. असं सांगताना शाळेचं त्या दिवसाचं उत्पन्न बुडतं, शिवाय समोरचा गिऱ्हाईक नाराज होतो. तरीही जी शाळा हे सांगते, तिच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. बाकी ज्या खुणा सांगणार आहे त्या बहुतेक याच एका सवयीतून येतात.

आधी मित्राचं बघू, म्हणजे शाळा हवीच कशाला तेही कळेल. काइटच्या लाइन्स, म्हणजे दोऱ्या, साधारण 20 ते 25 मीटर लांब असतात. काइट डोक्यावर, आमच्या भाषेत '12 वाजता', उभी असते तेव्हा ओढ अगदी थोडी जाणवते. तीच काइट तिथून वेगाने खाली, तुमच्या समोरच्या पट्ट्यात शिरली की ओढ क्षणात कितीतरी पटींनी वाढते. त्या पट्ट्याला पॉवर झोन म्हणतात. आता माणसाचा स्वभाव असा की तोल गेला की हातात असेल ते तो घट्ट धरतो आणि स्वतःकडे ओढतो. काइटचा बार, म्हणजे लाइन्स जोडलेला हातातला दांडा, स्वतःकडे ओढला की ताकद वाढते. म्हणजे घाबरल्यावर आपण आपसूक जे करतो, तेच इथे घातक ठरतं. बार सोडायला शिकणं हा या खेळातला पहिला धडा. तो ऐकून लगेच समजतो, अंगात मुरायला मात्र वेळ लागतो, आणि तोपर्यंत शेजारी असा कोणीतरी उभा असावा लागतो ज्याला तुमचा हात कधी आवळणार हे तुमच्या आधी कळतं. तुमचा मित्र उत्तम काइट करत असेल. पण नवशिक्या कुठे चुकतो हे त्याला आता आठवतही नसणार, आणि तो किनाऱ्यावरून ओरडून सांगेल ते वाऱ्यात तुम्हाला ऐकू येणार नाही.

वाऱ्याचं गणितही नवख्याला फसवतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 12 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) वारा 18 नॉट झाला तर वेग दीडपट होतो, पण काइटवरचा जोर सव्वादोन पट होतो. किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही वारे अंगाला सारखेच 'बरे' वाटतात. फरक कळतो तो हार्नेसला, म्हणजे काइट ज्याला जोडलेली असते त्या कमरेच्या पट्ट्याला, हिसका बसल्यावर.

आणि 'जुनी काइट' हे शब्द ऐकले की मी आधी विचारते, किती जुनी? ब्रूनो आणि डोमिनिक लगेन्यू या फ्रेंच भावांनी फुगवता येणाऱ्या काइटचं पेटंट 1984 साली घेतलं. त्या वंशातल्या सुरुवातीच्या सी आकाराच्या काइट्स बार सोडला तरी बऱ्यापैकी ओढत राहायच्या. 2005 च्या सुमारास बो काइट्स आल्या आणि बार पुढे ढकलला की जवळपास सगळी ताकद जाईल अशी सोय झाली. मग रिलीज यंत्रणा, म्हणजे अडचणीत काइटची ताकद झटक्यात सोडून देणारी सोय, सुधारत गेल्या, आणि 2020 मध्ये त्यांच्यासाठी आयएसओ 21853 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. फुकट मिळालेली काइट या प्रवासातल्या कुठल्या टप्प्यावरची आहे, हे शिकायला आलेल्या माणसाला ओळखता येत नाही. म्हणून मित्राला मनापासून धन्यवाद द्या आणि पहिले धडे शाळेतच घ्या.

आता प्रमाणपत्राकडे. सगळेच 'प्रमाणित' म्हणत असतील तर विचारायचं, कोण, कशासाठी आणि कधीपर्यंत? आंतरराष्ट्रीय पातळीवर सर्वांत पसरलेली संस्था म्हणजे इंटरनॅशनल काइटबोर्डिंग ऑर्गनायझेशन, सगळे तिला आयकेओ म्हणतात. ती 2001 साली सुरू झाली. जर्मन वळणाच्या शाळांमध्ये व्हीडीडब्ल्यूएस, ब्रिटनमध्ये बीकेएसए, फ्रान्समध्ये एफएफव्हीएल या संस्थांची पद्धत चालते. यातली कुठलीही चालेल. नवशिक्यासाठी या संस्थांमधला फरक गौण आहे. महत्त्वाचा फरक वेगळाच आहे: प्रमाणपत्र शाळेचं आहे की तुम्हाला शिकवणाऱ्या माणसाचं? पाटीवर संस्थेचं चिन्ह असतं, मालकाकडे जुनं प्रमाणपत्र असतं आणि पाण्यात तुमच्याबरोबर उतरतो तो हंगामापुरता आलेला एखादा चांगला काइटर. असिस्टंट इन्स्ट्रक्टर हाही एक टप्पा असतो. त्याने वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करायचं असतं, एकट्याने वर्ग घ्यायचा नसतो. तेव्हा नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक विचारा, तो संस्थेकडे तपासता येतो. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण चालू आहे का, विमा आहे का, तेही विचारा. हे विचारल्याने चांगला इन्स्ट्रक्टर दुखावत नाही. मला कोणी विचारलं तर मला आनंदच होतो, कारण असा माणूस सूचनाही नीट ऐकतो.

तरी प्रमाणपत्रावर थांबू नका. चालकाकडे लायसन्स आहे म्हणून गाडीचे ब्रेक चांगले आहेत असं होत नाही.

शाळा ठरवायच्या आधी तिची जागा बघा, कारण वाईट जागेवर चांगला इन्स्ट्रक्टरही फार काही करू शकत नाही. नवशिक्याला हवं ते कमरेएवढं, सपाट पाणी आणि खाली वाळू. गुडघ्याएवढं पाणी सुरक्षित वाटतं, पण पडल्यावर थेट तळ लागतो. छातीच्या वर गेलं की उभं राहून ऐकणं, समजून घेणं थांबतं. खडक, मासेमारीची जाळी, खांब, नांगरलेल्या होड्या आणि पोहणाऱ्यांची गर्दी, यातलं वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा तुम्हाला जिकडे ढकलणार त्या दिशेला, काय आहे ते बघा. मोकळी जागा किती हवी? काइट हवेत सोडायच्या ठिकाणापासून निदान दोन लाइन्सइतकी, म्हणजे 50 मीटर तरी.

वाऱ्याची दिशाही तितकीच मोलाची. समुद्रावरून तिरका किनाऱ्याकडे येणारा वारा, साइड-ऑनशोअर, शिकायला सर्वांत चांगला. काही बिनसलं तर तो तुम्हाला हळूहळू किनाऱ्याला आणून सोडतो. सरळ समोरून किनाऱ्यावर येणारा वारा दर वेळी वाळूवर आणून टाकतो आणि किनाऱ्यावरच्या झाडा-भिंतींच्या रोखाने ओढतो. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा ऑफशोअर वारा मात्र मला नवशिक्यासाठी मान्य नाही, जोपर्यंत इंजिन चालू असलेली बोट आणि ती चालवणारा माणूस पाण्यात हजर नाही तोपर्यंत. 'बोट आहे, लागली तर काढू' हे उत्तर पुरेसं नाही. शिवाय जमिनीवरून येणारा वारा इमारती, टेकड्या, झाडं यांना आपटून तुटक आणि हिसकेबाज होऊन येतो. अडथळ्याच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत हा खळबळाट राहतो. नकाशावर जागा बघून, त्या हंगामात वारा कुठून वाहतो एवढं शाळेला विचारलंत तर अर्धी निवड तिथेच होते.

वेगाचं म्हणाल तर 12 ते 20 नॉटमधला, सलग वाहणारा वारा शिकायला योग्य. ताशी किलोमीटरमध्ये साधारण 22 ते 37. वरची मर्यादा प्रत्येक शाळेने स्वतःपुरती आखलेली असते आणि ती आकड्यात सांगता आली पाहिजे. 'बघून ठरवतो' एवढ्यावर भागवू नका. सरासरी वेगाबरोबर झोत किती येतात तेही त्यांनी बघायला हवं. सरासरी 15 आणि झोत 17 चे, तर दिवस छान. सरासरी 15 आणि झोत 25 चे, तर माझ्या हिशेबी तो दिवस नवशिक्याचा नाही. आणि ढग. वादळी ढगाखालून थंड हवा खाली कोसळते आणि पाऊस पोहोचायच्या आधीच आडवी पसरते. काही मिनिटांत वारा दुप्पट होऊ शकतो. काइटच्या सर्वांत गंभीर अपघातांत माणूस वाळूवर किंवा उथळ पाण्यात उभा असताना उचलला गेल्याचे प्रसंग आहेत, आणि त्यांच्यामागे बऱ्याचदा असाच ढग असतो. क्षितिजावर काळा पट्टा दिसला आणि एखाद्या शाळेच्या सगळ्या काइट्स मुकाट्याने खाली आल्या, बाजूचे लोक अजून मजेत खेळत असतानाही, तर त्या शाळेचं नाव लिहून घ्या.

यावरूनच माझा मुख्य सल्ला येतो. पैसे भरायच्या आधी एक तास किनाऱ्यावर बसा आणि शाळेचा चालू वर्ग बघा. काहीही बोलू नका, फक्त बघा. अभिप्राय वाचून जे कळत नाही ते या तासात कळतं. अभिप्राय लिहिणारा बहुतेक वेळा स्वतःच नवशिक्या असतो. त्याला मजा आली, इन्स्ट्रक्टर हसतमुख होता, म्हणून पाच तारे. आपण धोक्याच्या किती जवळून गेलो हे त्याला माहीत नसतं.

काय बघायचं? सगळ्यांत आधी काइट हवेत सोडायची वेळ. चांगला इन्स्ट्रक्टर लाइन्स जोडल्यावर त्यांच्या बाजूने चालत काइटपर्यंत जातो, कुठे पीळ पडलाय का, कुठली लाइन उलटी जोडली गेली आहे का ते बोटांत धरून तपासतो. एक लाइन जरी चुकीच्या टोकाला गेली तरी काइट उडताक्षणी गरगरत पॉवर झोनमध्ये कोसळते. मग तो विद्यार्थ्याकडून हेच परत करून घेतो. हार्नेसचा हुक, लीश (काइटला माणसाशी जोडून ठेवणारा सुरक्षा पट्टा), रिलीज, सगळ्याला हात लावून बघतो. वाऱ्याच्या खालच्या बाजूला नजर टाकतो. अंगठा वर, मगच काइट सुटते. हे सगळं कंटाळवाणं दिसतं आणि दर वेळी सारखंच दिसतं, दहाव्या विद्यार्थ्यालाही. ते तसंच दिसायला हवं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे क्विक रिलीज. बारला हार्नेसच्या हुकाशी जोडणाऱ्या कड्यावर, चिकन लूपवर, एक रंगीत, बहुधा लाल पकड असते. ती पुढे ढकलली की लूप उघडतो, बार तुमच्यापासून दूर धावतो, काइट एका लाइनवर लोंबकळत निर्जीव होते. तरीही ओढत राहिली तर लीशचं दुसरं रिलीज असतं, त्याने काइटशी संबंधच तुटतो. वाईट वर्गात हे असं शिकवतात: 'हे लाल दिसतंय ना? काही झालं तर हे ढकला.' आणि पुढे जातात. चांगल्या वर्गात विद्यार्थी वाळूवर उभा असतो, इन्स्ट्रक्टर स्वतःच्या वजनाने लाइन्स ओढून धरतो, म्हणजे खरी ओढ जाणवावी, आणि म्हणतो, 'सोड.' विद्यार्थी सोडतो. 'आता पुन्हा जोड.' वाळू लागलेल्या हातांनी जोडतो. पुन्हा. आता समुद्राकडे बघत, रिलीजकडे न बघता. आता उजव्या हाताने, आता डाव्या हाताने. मग बोलता बोलता मध्येच, न सांगता, 'सोड!' हात आपोआप लूपवर गेला तरच धडा झाला. मी हे पाण्यातही करून घेते, कारण ओल्या हातांना ती पकड वेगळीच लागते. कुठल्याही शाळेत हा प्रकार तुम्हाला दिसला तर तिच्याबद्दल माझं मत तिथेच निम्मं चांगलं झालेलं असतं.

तिसरं, इन्स्ट्रक्टर कुठे उभा आहे? सुरुवातीच्या धड्यांमध्ये तो विद्यार्थ्याच्या हाताच्या अंतरावर, बहुधा मागे, हार्नेसची पाठीमागची मूठ धरून असतो. ही मूठ धरणं सुरक्षिततेसाठी असतं आणि ते आधी सांगून, विचारून व्हायला हवं. विशेषतः एकट्या शिकायला येणाऱ्या स्त्रियांनी हे लक्षात ठेवावं: हार्नेस लावताना, ओढताना, पाण्यात आधार देताना नेमका कुठे आणि का हात लागणार हे जो आधीच मोकळेपणाने सांगतो, तो व्यावसायिक. पुढे विद्यार्थी काइटच्या ओढीने पाण्यात लांब जाऊ लागला की हेल्मेटमध्ये रेडिओ असेल तर फार उपयोग होतो, कारण चूक घडत असतानाच दुरुस्त करता येते. रेडिओ नसलेली शाळा वाईट असं नाही. पण मग इन्स्ट्रक्टर पाण्यात चालत सोबत जातोय, की वाळूवर बसून हातवारे करतोय, ते बघा. फोनमध्ये डोकं घातलेला दिसला तर उठा आणि दुसऱ्या शाळेकडे चालू लागा.

एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? एकाला एक सर्वांत उत्तम आणि सर्वांत महाग. एकाला दोन हा मला आवडणारा मधला मार्ग. दोघांत एक काइट, आळीपाळीने. एक जण दमला की विसावतो आणि दुसऱ्याच्या चुका बघून शिकतो. जोडीदार मात्र जवळपास तुमच्याच वजनाचा हवा, नाहीतर एकाच काइटवर दोघांचं जमत नाही. एकामागे चार आणि हवेत चार काइट्स, सगळे पहिल्या दिवसाचे, असं दिसलं तर स्वस्त का आहे ते कळलं. गटाचा दर बघताना तासांची संख्या बघू नका, त्यातले किती तास बार तुमच्या हातात असेल ते विचारा. बहुतेकांचा हिशेब इथेच बदलतो.

आता त्या हमीबद्दल. तीन दिवसांत बोर्डवर उभं करू असं कोणालाही आधी सांगता येत नाही. तीन दिवस वारा वाहीलच याची हमी कोण देणार? आणि वाहिला तरी माणसागणिक वेळ वेगळा लागतो. बहुतेकांना पहिल्या काही मीटरच्या स्वारीपर्यंत यायला 9 ते 12 तास शिकवणी लागते, काहींना बरीच जास्त, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हमी पाळायची तर कुठला तरी धडा गाळावा लागतो. गाळला जातो तो सेल्फ रेस्क्यू, म्हणजे अडचणीत स्वतःच किनाऱ्याला परत येणं, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

क्रम साधारण असा असायला हवा. आधी वाऱ्याची ओळख, जागेची पाहणी, मग 2-3 चौरस मीटरच्या छोट्या ट्रेनर काइटवर हात बसवणं. मग खरी काइट, जुळणी, रिलीज. मग पाण्यात पडलेली काइट पुन्हा उठवणं. मग बोर्डशिवाय, काइटच्या ओढीने पोटावर घसरत जायचं, त्याला बॉडी ड्रॅग म्हणतात. मग एका हाताने काइट चालवत, दुसरा हात पाण्यात सुकाणूसारखा धरून वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकत यायचं, कारण सुटलेला बोर्ड नेहमी त्याच बाजूला मागे राहतो. मग सेल्फ रेस्क्यू. आणि त्यानंतर बोर्ड आणि वॉटर स्टार्ट, म्हणजे पाण्यातून बोर्डवर उभं राहणं. बोर्ड हातात यायच्या आधी तुम्हाला पाण्यातून स्वतःच्या बळावर परत येता आलं पाहिजे, एवढं एकच सूत्र यामागे आहे.

सेल्फ रेस्क्यू म्हणजे काय ते नीट समजून घ्या, म्हणजे शाळेला नेमकं विचारता येईल. वारा पडला किंवा काही तुटलं की रिलीज ढकलून काइट निर्जीव करायची. मग सेफ्टी लाइन, म्हणजे काइट ज्या एका लाइनवर लोंबकळतेय ती, बारवर गुंडाळत जायचं, बाकीच्या लाइन्स ढिल्या ठेवून. हाताला लाइन कधीही गुंडाळायची नाही. सेफ्टी लाइन बारवर गाठ मारून अडकवायची, मग सगळ्या लाइन्स एकत्र गुंडाळत काइटपर्यंत पोहोचायचं आणि काइटची टोकं धरून तिचंच शीड करून किनाऱ्याकडे यायचं. हे वाळूवर दाखवून भागत नाही. पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, एकदा तरी संपूर्ण करून बघायला हवं. फोनवर शाळेला विचारा, 'सेल्फ रेस्क्यू कधी आणि कुठे करून घेता?' उत्तरात 'खोल पाण्यात, बोर्डच्या आधी' असं आलं तर पुढे बोला. 'ते नंतर ॲडव्हान्स्ड कोर्समध्ये' असं आलं तर आभार मानून फोन ठेवा.

सामानाकडे एक नजर टाका. काइटवर एखादं ठिगळ असणं सामान्य आहे, शाळेच्या काइट्स आपटणारच. पण लाइन्स कुठे विरलेल्या, केसाळ झालेल्या दिसतात का, रिलीजमध्ये वाळू अडकून ती घट्ट झालीय का, हे बघा. रिलीज रोज गोड्या पाण्याने धुणारी शाळा मला लगेच ओळखू येते. काइट्सचे आकार किती आहेत? फक्त 9 आणि 12 चौरस मीटरच्या दोनच काइट्स असतील तर वारा वाढलेल्या दिवशी 55 किलोच्या मुलीला काय देणार? हेल्मेट आणि तरंगायला मदत करणारं इम्पॅक्ट व्हेस्ट प्रत्येकाला मिळायला हवं, मागून घ्यायला लागू नये. आणि बोर्डला लांब लीश बांधून पायाला किंवा हार्नेसला जोडलेली दिसली तर तिथे शिकू नका. पडल्यावर ती लीश ताणली जाते आणि बोर्ड उसळून डोक्याकडे येतो. त्याचसाठी तर वाऱ्याविरुद्धचा बॉडी ड्रॅग शिकवतात.

भाषेचा मुद्दा छोटा वाटतो, पण परदेशी किनाऱ्यावर शिकणार असाल तर मोठा आहे. सूचना ज्या भाषेत मिळणार ती तुम्हाला विचार न करता कळली पाहिजे. अडखळत कळणाऱ्या भाषेत 'बार सोड' ऐकून डोक्यात अर्थ लावेपर्यंत काइट खाली आलेली असते. निदान पाच-सहा आज्ञा आणि हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या. हाताने डोक्यावर थोपटलं की 'काइट उतरवून घ्या', ही खूण जगभर चालते.

पैशांचं बोलणं आधीच, लेखी करा. वारा नसेल तर तास पुढे जातो, परत मिळतो की बुडतो? वादळ आलं म्हणून अर्ध्यात थांबलो तर? काइट फाटली तर कोणाच्या खर्चाने? इन्स्ट्रक्टर शेवटपर्यंत एकच राहणार का? वारा नसल्याने झालेलं नुकसान विद्यार्थ्यावर टाकणारी शाळा एका अर्थी स्वतःलाही अडकवते. तुमचा शेवटचा दिवस उरला आहे, वारा जास्त आहे आणि पैसे बुडणार आहेत, अशा वेळी दोघंही नको तो दिवस निवडतात. म्हणून मी म्हणते, चार दिवसांचा कोर्स असेल तर सात-आठ दिवस हाताशी ठेवून जा. घाई हा या खेळातला खरा धोका आहे, आणि तो बऱ्याचदा आपल्याच सुट्टीच्या तारखांतून येतो.

शाळा तुम्हाला काय विचारते याकडेही लक्ष द्या. वजन, वय, पोहायला किती येतं, दमा किंवा हृदयाचा त्रास, खांदा कधी निखळला होता का, गुडघ्याचं ऑपरेशन, चष्मा. हे न विचारता फक्त तारीख आणि आगाऊ रक्कम विचारणारी शाळा तुमच्यासाठी काइट कशी निवडणार? तुम्हीही खरं सांगा. पोहता येतं म्हणजे तलावात काठाला धरून दोन फेऱ्या, की लाटांमध्ये 200 मीटर न घाबरता, हे त्यांना कळायला हवं.

एवढ्या चाळणीतून दोन शाळा उरल्या तर दोन्हीकडे पहिला एकच तास घ्या. पूर्ण कोर्सचे पैसे आधीच मागणाऱ्यांना सांगा की एक तास करून ठरवतो. चांगल्या शाळा याला हरकत घेत नाहीत.

आणि शेवटचा प्रश्न आत्ताच विचारून ठेवा: कोर्स संपल्यावर मला काइट भाड्याने द्याल का? लगेच 'हो' म्हणणारी शाळा सोयीची वाटेल. पण ज्या शाळेत आधी तुम्हाला पाण्यात बघतात, वाऱ्यासोबत खाली वाहत न जाता परत त्याच जागी येता का ते तपासतात, आयकेओच्या पायऱ्यांप्रमाणे 'इंडिपेंडंट', म्हणजे एकट्याने काइट करण्याची, पातळी झाली का ते विचारतात, आणि ती झाली नसेल तर देखरेखीखालचा सराव घ्यायला लावतात, तिथे नाव नोंदवा. त्या देखरेखीच्या तासांसाठी थोडे पैसे वेगळे काढून ठेवा. कोर्सनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, जरा जमू लागलंय असं वाटत असतानाच, लोक एकटे आणि लांब जातात.